मोटारसायकलचा पुढचा ब्रेक : पॅडची पारख आणि घरच्या घरी बदल

तापी नदी आणि सातपुडा पर्वत यांच्या दरम्यान पसरलेला यावल तालुका केळीच्या बागांसाठी सर्वदूर ओळखला जातो. पहाट झाली की या तालुक्यातील रस्ते जागे होतात. केळीच्या घडांनी भरलेल्या मालमोटारी सावदा-रावेरच्या दिशेने निघतात. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकविलेल्या मोटारसायकली डेअरीकडे धावू लागतात. थोड्या वेळाने शाळांचे शिक्षक, आरोग्य कर्मचारी, ग्रामपंचायतीची आणि महसुलाची कामे पाहणारी मंडळी आपापल्या गावांच्या वाटेला लागतात. त्यांपैकी कित्येकांची वाट सातपुड्याच्या कुशीतील तडवी आणि पावरा बांधवांच्या पाड्यांपर्यंत जाते. या सर्वांचे समान वाहन म्हणजे मोटारसायकल.

१९३६ साली याच तालुक्यातील फैजपूर येथे काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. त्या काळी या परिसराचे मुख्य वाहन बैलगाडी हे होते. कासरा आखडला की बैल थांबत आणि गाडीही थांबे. गाडीचा वेगच बेताचा असल्याने थांबण्याचा प्रश्न फारसा गंभीर नव्हता. आज त्याच वाटांवरून ताशी साठ किलोमीटर वेगाने दोन माणसे आणि सामानाचे ओझे घेऊन मोटारसायकल धावते. तिचा कासरा म्हणजे तिचा ब्रेक. तथापि इंजिनाचे तेल वेळेवर बदलणारा, गाडी रोज पुसून लख्ख ठेवणारा मालकदेखील पुढच्या चाकाजवळील दोन छोट्या पट्ट्यांकडे वर्षानुवर्षे पाहत नाही, असे सर्रास आढळते. या पट्ट्यांना ब्रेक पॅड म्हणतात. त्यांची पारख कशी करावी, त्या घरच्या घरी कशा बदलाव्यात आणि कोणत्या प्रसंगी हे काम घरी न करता जाणकार कारागिराकडे सोपवावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पुढच्या ब्रेकविषयीचा गैरसमज

“पुढचा ब्रेक दाबला की गाडी पालथी होते” ही समजूत ग्रामीण भागात खोलवर रुजलेली आहे. त्यामुळे अनेक चालक केवळ पायाच्या, म्हणजे मागच्या ब्रेकवरच विसंबतात. ही समजूत पूर्णतः निराधार नसली, तरी ती अर्धसत्य आहे.

एस.टी. बसच्या चालकाने ब्रेक दाबताच उभे प्रवासी पुढे कलतात, हा अनुभव प्रत्येकाला आहे. मोटारसायकलचेही तसेच होते. वेग कमी होऊ लागताच गाडीचा आणि स्वारांचा भार पुढच्या चाकावर सरकतो व मागचे चाक हलके होते. भार जेथे अधिक, तेथे टायरची रस्त्यावरील पकडही अधिक असते. म्हणूनच कोरड्या डांबरी रस्त्यावर जोराने ब्रेक लावताना थांबविण्याच्या एकूण कार्यापैकी साधारणतः दोनतृतीयांश किंवा त्याहूनही अधिक वाटा पुढचे चाक उचलते. एकट्या मागच्या ब्रेकवर गाडी थांबवावयाची झाल्यास थांबण्याचे अंतर जवळजवळ दुप्पट होऊ शकते. शिवाय हलके झालेले मागचे चाक जाम होऊन घसरण्याचा धोका असतो तो वेगळाच.

वाळू, खडी, चिखल किंवा सांडलेले तेल असलेल्या जागी, तसेच वळणावर गाडी कललेली असताना पुढचा ब्रेक एकदम दाबणे मात्र धोक्याचे असते. दोन्ही ब्रेक एकत्र, आणि पुढचा ब्रेक हळूहळू दाब वाढवीत लावणे ही योग्य रीत होय. यासाठी अर्थातच पुढचा ब्रेक सुस्थितीत असावा लागतो.

ब्रेकला किती काम करावे लागते याची कल्पना एका साध्या हिशेबाने येईल. गाडी, दोन माणसे व सामान मिळून तीनशे किलोग्रॅम वजन आहे असे धरू. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना या वजनात सुमारे ४१ हजार ६०० ज्यूल इतकी गतिज ऊर्जा असते. गाडी थांबविताना या ऊर्जेचे रूपांतर उष्णतेत होते. बर्फाइतके थंड असलेले शंभर ग्रॅम पाणी उकळण्याच्या बिंदूपर्यंत नेण्यास जवळपास इतकीच उष्णता लागते. ती काही सेकंदांत निर्माण होते आणि तिचा बराच भाग हाताच्या दोन बोटांएवढ्या पॅडच्या जोडीला आणि लोखंडी चकतीला सोसावा लागतो. वेग निम्मा, म्हणजे ताशी ३० किलोमीटर केला, तर ही ऊर्जा एकचतुर्थांशावर येते. यावल-भुसावळ रस्त्यावरील अंजाळ्याच्या घाटात उतार आणि वळण एकत्र येतात. तेथे वेग आवरणे का महत्त्वाचे, हे या हिशेबावरून शाळेतील विद्यार्थ्यांनाही सहज पटवून देता येईल.

डिस्क ब्रेकची रचना

डिस्क ब्रेकची कल्पना नवी नाही. इंग्लंडमधील अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर याने १९०२ साली मोटारगाडीसाठी तिचे पेटंट घेतले. मोटारसायकलींच्या क्षेत्रात १९६९ मध्ये आलेल्या होंडा कंपनीच्या ‘सीबी ७५०’ या गाडीने पुढच्या चाकाचा द्रवचलित डिस्क ब्रेक जगभर पोहोचविला. भारतात मात्र दीर्घ काळ ड्रम ब्रेकचेच राज्य होते. १९९९ मध्ये हिरो होंडाची सीबीझेड आणि २००१ मध्ये बजाजची पल्सर या गाड्या आल्यानंतर डिस्क ब्रेक सर्वसामान्यांच्या परिचयाचा झाला. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा अधिक क्षमतेच्या सर्व नव्या मोटारसायकलींना चाक जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा, तर त्याखालील गाड्यांना एबीएस किंवा दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागण्याची सीबीएस व्यवस्था बंधनकारक करण्यात आली.

या ब्रेकचे कार्य समजण्यास सोपे आहे. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती म्हणजे डिस्क. तिला दोन्ही बाजूंनी कवेत घेणारी, पुढच्या फोर्कला बोल्टने बसविलेली धातूची पेटी म्हणजे कॅलिपर. कॅलिपरमध्ये चकतीच्या दोन्ही अंगांना एकेक पॅड असतो. हँडलवरील ब्रेकची मूठ दाबली की मास्टर सिलिंडरमधील ब्रेक ऑइलवर दाब येतो, तो नळीवाटे कॅलिपरपर्यंत पोहोचतो, तेथील पिस्टन पुढे सरकतो आणि पॅड चकतीला घट्ट धरतात. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो हा पास्कलचा नियम शाळेत शिकविला जातो. त्याचे हे रोजच्या वापरातील उदाहरण आहे.

पॅड म्हणजे लोखंडी पाठपट्टी आणि तिच्यावर चिकटविलेला घर्षणाचा थर. हा थर झिजण्यासाठीच असतो. चकती महाग आणि पॅड स्वस्त, म्हणून झीज पॅडने सोसावी अशी ही योजना आहे. थर संपूर्ण झिजला की पाठपट्टीचे लोखंड चकतीच्या लोखंडावर घासू लागते. काही शे रुपयांचा पॅड वेळेवर न बदलल्यामुळे त्याच्या कित्येक पट किमतीची चकती बाद होते. आणि लोखंडावर लोखंड घासताना ब्रेकची पकड मंदावते, हे नुकसान तर पैशांत मोजता येण्याजोगे नाही.

ज्या गाड्यांना पुढे ड्रम ब्रेक आहे, त्यांच्यात पॅडऐवजी लायनर असतात व ते बदलण्यासाठी चाक काढावे लागते. पुढील विवेचन केवळ डिस्क ब्रेकपुरते आहे.

झीज कशी ओळखावी?

पॅडची तपासणी करण्यास काहीही उघडावे लागत नाही. गाडी उजेडात उभी करून कॅलिपरच्या फटीतून बॅटरीच्या प्रकाशात पाहिले की चकतीच्या दोन्ही बाजूंना पॅडचा थर दिसतो. बहुतेक पॅडवर झीज दर्शविणारी खाच असते. ती नाहीशी होत आली की पॅड बदलण्याची वेळ झाली असे समजावे. खाच दिसत नसेल, तर थर सुमारे दोन मिलिमीटर उरला असतानाच नवा पॅड आणून ठेवावा. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत दिलेली मर्यादा हीच अंतिम मानावी. दोन्ही पॅड पाहणे अगत्याचे आहे. कारण बाहेरचा जाड आणि आतला पार झिजलेला, असेही घडते.

दुसरी खूण हँडलवरील ऑइलच्या डबीत सापडते. पॅड झिजतो तसतसा पिस्टन पुढे येतो आणि त्याच्या मागची जागा भरण्यासाठी डबीतील ऑइल खाली उतरते. पुष्कळ जण अशा वेळी वरून ऑइल ओतून मोकळे होतात. त्यामुळे खूण तेवढी पुसली जाते, झीज तशीच राहते. ऑइल उतरलेले दिसताच प्रथम पॅड पाहावेत. पॅड जाड असूनही ऑइल कमी झाले असेल, तर कोठेतरी गळती आहे हे निश्चित. अशी गाडी त्वरित कारागिराकडे न्यावी.

ब्रेक लावताना येणारा कर्कश आवाज, धातू घासल्याची खरखर आणि चकतीवर उमटलेल्या खोल रेघा या पुढच्या पायरीच्या खुणा होत. खरखर ऐकू आल्यावर गाडी चालवत राहणे म्हणजे संकटाला आमंत्रण देणे होय. केळीच्या बागेतील चिखल, उन्हाळ्यातील फुफाटा आणि कच्च्या रस्त्यावरील माती यांमुळे या भागात पॅडची झीज शहरातल्यापेक्षा लवकर होऊ शकते. म्हणून किती किलोमीटर झाले या हिशेबावर न राहता महिन्यातून एकदा, तसेच पावसाळ्यापूर्वी व नंतर, प्रत्यक्ष पाहणी करणे श्रेयस्कर ठरते.

पूर्वतयारी

पॅडची जोडी आपल्या गाडीच्या नेमक्या प्रकाराची असावी. दुकानात जाताना गाडीचे मॉडेल व वर्ष सांगावे. शक्य असल्यास जुना पॅड ताडून पाहावा. वेष्टनावर उत्पादकाचे नाव नसलेला माल स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. पॅड नेहमी जोडीने बदलावेत.

घरी लागणारे साहित्य मोजकेच आहे : योग्य मापाचे रिंग पाने किंवा सॉकेट पाने, ॲलन की, चांगल्या टोकाचा स्क्रू ड्रायव्हर, स्वच्छ फडकी, जुना दातांचा ब्रश, साबणाचे पाणी, सुतळीचा तुकडा आणि रबराला अपाय न करणारे सिलिकॉन ग्रीस. बोल्ट ठरावीक जोराने आवळण्यासाठी टॉर्क पाना मिळाल्यास उत्तमच. ब्रेक ऑइलच्या डबीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ असा जो प्रकार लिहिलेला असेल, त्याच प्रकारचे सीलबंद ऑइल जवळ ठेवावे. हे ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. म्हणून कित्येक महिन्यांपूर्वी फोडलेली बाटली वापरू नये. ते रंगावर सांडल्यास रंग निघतो, म्हणून टाकी व हँडलवर फडके अंथरावे आणि थेंब पडल्यास लगेच भरपूर पाण्याने धुवावे.

कृतीचा क्रम

गाडी सपाट, कठीण जमिनीवर डबल स्टँडवर उभी करावी व किल्ली काढून ठेवावी. गाडी नुकतीच चालवून आणली असेल, तर चकती निवेपर्यंत थांबावे. तापलेली चकती हात भाजते. लहान मुलांना दूर ठेवावे.

प्रथम हँडल अशा रीतीने वळवावे की ऑइलची डबी आडवी व समतल राहील. तिच्याभोवती फडके गुंडाळून झाकण उघडावे. झाकणाचे स्क्रू नरम असतात व चुकीच्या टोकाच्या स्क्रू ड्रायव्हरने त्यांची खाच बिघडते, म्हणून टोक नीट बसवून दाब देत फिरवावे. डबी काठोकाठ भरलेली असल्यास थोडे ऑइल स्वच्छ पिचकारीने काढून घ्यावे. कारण पुढे पिस्टन मागे ढकलताना ऑइल वर चढणार आहे.

त्यानंतर पॅड ज्या पिनांवर अडकविलेले असतात, त्या पिना कॅलिपर जागेवर असतानाच अर्धा फेरा सैल कराव्यात. काही गाड्यांत पिनेवर संरक्षक टोपण असते. ते आधी काढावे. कॅलिपर सुटल्यावर तो हातात डुगडुगतो आणि जाम झालेली पिन सुटता सुटत नाही. हा छोटासा क्रम पाळला की निम्मा त्रास वाचतो.

मग फोर्कला कॅलिपर धरून ठेवणारे दोन बोल्ट काढून तो अलगद चकतीवरून सरकवावा. तो रबरी नळीवर लोंबकळत ठेवू नये. सुतळीने फोर्कला बांधावा. या क्षणापासून पॅड बसेपर्यंत ब्रेकची मूठ कोणीही दाबता कामा नये. एबीएस असलेल्या गाडीत चाकाजवळील संवेदकाला व त्याच्या तारेला धक्का लागणार नाही याची काळजी घ्यावी. नुसते पॅड बदलताना ऑइलची नळी कोठेही उघडावी लागत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

पिना काढून जुने पॅड बाहेर घ्यावेत. त्यापूर्वी पॅड, स्प्रिंगपट्टी आणि पिना यांची मांडणी नीट पाहून ठेवावी. मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवणे सोयीचे. दोन्ही पॅड शेजारी ठेवून ताडून पाहावेत. दोहोंची झीज सारखी असेल तर कॅलिपर मोकळा सरकतो आहे. एकाची फार व दुसऱ्याची कमी असेल, तर कॅलिपर ज्या दांड्यांवर सरकतो त्या जाम झाल्या आहेत, असा त्याचा अर्थ.

सफाई करताना पॅडची धूळ तोंडाने किंवा हवेच्या पंपाने उडवू नये. जुन्या अथवा अज्ञात बनावटीच्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि त्याचे तंतू फुप्फुसाच्या गंभीर विकारांना कारणीभूत होतात. ओल्या फडक्याने व साबणाच्या पाण्यात बुडविलेल्या ब्रशने घाण काढावी. पेट्रोल, रॉकेल किंवा डिझेल कॅलिपरला लावू नये. त्यांनी आतील रबरी सील फुगतात व खराब होतात.

पिस्टनचा दिसणारा भाग स्वच्छ झाल्यावरच तो मागे ढकलावा. जुना पॅड पिस्टनवर सपाट ठेवून दोन्ही अंगठ्यांनी संथ, समान दाब दिला की तो आत जातो. स्क्रू ड्रायव्हरने रेटल्यास पिस्टनवर ओरखडे पडतात. दोन पिस्टन असल्यास एक ढकलताना दुसरा बाहेर येऊ नये म्हणून तो धरून ठेवावा. डबीतील ऑइल वर येत असल्याकडे अधूनमधून पाहावे. पिस्टन बऱ्याच दाबानेही हालत नसेल, त्याच्याभोवती ऑइल पाझरत असेल किंवा त्यावर गंज दिसत असेल, तर येथेच थांबावे. पुढचे काम कारागिराचे.

सरकत्या दांड्या पुसून त्यांना सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ थर द्यावा व त्यांवरील रबरी टोप्या नीट बसवाव्यात. ग्रीसचा कणही पॅडच्या घर्षण-थरावर किंवा चकतीवर लागता कामा नये. नवे पॅड कडेने धरावेत. थराला तेल लागलेच, तर ते पुसून वापरण्यापेक्षा पॅड टाकून देणे हिताचे.

स्प्रिंगपट्टी तिच्या जागी असल्याची खात्री करून नवे पॅड बसवावेत, पिना घालाव्यात आणि कॅलिपर चकतीवर सरकवावा. नवे पॅड जाड असल्याने तो थोडा घट्ट जाईल. तरी ठोकू नये, पिस्टन पुरता आत गेला आहे का ते पुन्हा पाहावे. बोल्ट आधी हाताने काही आटे फिरवून मगच पान्याने आवळावेत, म्हणजे आटे मारले जाणार नाहीत. किती जोराने आवळावे याचा आकडा पुस्तिकेत दिलेला असतो. सैल बोल्ट जितका घातक, तितकाच अतिरेकी जोराने आवळून आटे तोडलेला बोल्टही. शेवटी पॅडच्या पिना आवळाव्यात व काढलेली टोपणे परत लावावीत.

सर्वांत महत्त्वाची पायरी

येथपर्यंतचे सर्व काम बिनचूक झाले, तरी एका विस्मरणाने ते फुकट जाऊ शकते. पिस्टन मागे ढकललेला असल्यामुळे पॅड आणि चकती यांच्यात या वेळी मोठी फट असते. अशा अवस्थेत मूठ दाबली तर ती हँडलपर्यंत पोकळ जाते. पॅड चकतीला टेकतही नाहीत. काम आटोपल्याच्या समाधानात कोणी गाडी सुरू करून रस्त्यावर आणली आणि समोरून ट्रॅक्टर आला, तर त्या पहिल्या क्षणी पुढचा ब्रेक मुळी नसतोच.

यास्तव चाक जागचे हलविण्यापूर्वी ब्रेकची मूठ सावकाश, पुन्हा पुन्हा दाबावी. प्रत्येक वेळी पिस्टन थोडा पुढे येतो आणि काही दाबांनंतर मूठ टणक लागते. ती टणक झाल्यावर काही क्षण दाबून धरावी. हळूहळू खाली जात असेल किंवा स्पंजासारखी मऊ लागत असेल, तर नळीत हवा शिरली आहे अथवा गळती आहे. ती हवा काढण्याचे काम अनुभवाने येते. तोवर ती गाडी चालवू नये, ढकलत किंवा अन्य वाहनातून गॅरेजमध्ये न्यावी.

मूठ टणक लागल्यावर डबीतील ऑइलची पातळी वरच्या व खालच्या खुणांच्या दरम्यान आहे हे पाहून, आतील रबरी पडदा घडी न पडता बसवून झाकण लावावे. चाक अधांतरी करून फिरवावे. पॅडचा हलका स्पर्श ऐकू आला तर चिंता नाही. चाक अडखळत असेल तर जोडणी पुन्हा तपासावी. प्रत्येक बोल्टला शेवटचा हात लावल्यावरच काम संपले असे मानावे.

पहिला प्रवास

पहिली चाचणी अंगणात, माणसाच्या चालीच्या वेगाने घ्यावी. नंतर रहदारी नसलेल्या सरळ रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरच्या आसपास वेग घेऊन हळुवार ब्रेकने तो दहापर्यंत आणावा, मध्ये चकतीला निवण्यास वेळ द्यावा आणि असे वीस-पंचवीस वेळा करावे. नव्या पॅडचा पृष्ठभाग चकतीच्या पृष्ठभागाशी जुळण्यास हा अवधी लागतो. तोपर्यंत ब्रेकची पूर्ण ताकद मिळत नाही, म्हणून पहिले शंभर-दीडशे किलोमीटर वेग बेताचा ठेवावा व पुढच्या वाहनापासून अधिक अंतर राखावे. सातपुड्याच्या उतारावर जाण्याचा बेत असेल, तर पॅड आदल्या रात्री बदलून पहाटे निघणे टाळावे. चार दिवस आधीच बदलावेत.

घरी केव्हा करू नये?

स्वावलंबन हा गुण आहे, परंतु ब्रेकच्या बाबतीत आपली मर्यादा ओळखणे हाही त्याचाच भाग होय. चकतीवर नखाला अडतील इतक्या खोल रेघा असतील, चकती वाकल्यामुळे मूठ थरथरत असेल, चकतीची जाडी तिच्यावर कोरलेल्या किमान मापाखाली गेली असेल, पिस्टन जाम असेल, ऑइल गळत असेल किंवा एबीएसचा दिवा विझत नसेल, तर काम जाणकार कारागिराकडेच न्यावे. घरी पॅड बदलल्यानंतरही पहिल्या वेळी एखाद्या अनुभवी मिस्त्रीला दाखवून घेण्यात कमीपणा नाही. घरी काम शिकण्याचा खरा लाभ मजुरीचे पैसे वाचण्यापुरता नाही. ज्याने एकदा स्वतः पॅड बदलला, त्याला पुढे झीज नजरेनेच कळते आणि गॅरेजमध्ये झालेले कामही तो डोळसपणे तपासू शकतो.

सामूहिक जबाबदारी

सदोष स्थितीतील वाहन रस्त्यावर आणणे हा मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १९० खाली दंडनीय अपराध आहे. तथापि गावच्या प्रत्येक मोटारसायकलचा ब्रेक कायद्याच्या रक्षकांनी पाहावा अशी अपेक्षा व्यवहार्य नाही. येथे ग्रामपंचायत आणि शाळा यांना बरेच काही करता येईल. जानेवारीत रस्ता सुरक्षेचे उपक्रम होतात, त्या वेळी गावातील मिस्त्रीला चावडीपुढे किंवा शाळेच्या पटांगणात बोलावून एका गाडीचा पॅड सर्वांसमक्ष बदलून दाखविता येईल. झिजलेला आणि नवा असे दोन पॅड शाळेच्या प्रयोगशाळेत ठेवल्यास घर्षण, उष्णता व पास्कलचा नियम हे तिन्ही धडे विद्यार्थ्यांना हातात घेऊन पाहता येतील. आणि घरी जाऊन वडिलांच्या गाडीच्या कॅलिपरमध्ये बॅटरी दाखवून डोकावणारा विद्यार्थी हा त्या धड्याचा सर्वांत उपयुक्त प्रसारक ठरेल. कामानिमित्त रोज पाड्यांवर जाणाऱ्या कर्मचाऱ्यांनी महिन्याचा एक दिवस ठरवून आपापल्या गाड्यांची पाहणी एकमेकांच्या साक्षीने केली, तर त्यास खर्च काहीच येणार नाही.

दुधाच्या किटल्या, चाऱ्याचा भारा, मागे बसलेली पत्नी, टाकीवर बसविलेले मूल, हे सारे ओझे ग्रामीण भागात एकच मोटारसायकल वाहते. हे ओझे वेळेवर थांबविण्याची जबाबदारी दोन बोटांएवढ्या पॅडवर असते. महिन्यातून एकदा पाच मिनिटे त्यांच्याकडे पाहिले आणि वेळ येताच तासाभराचे काम योग्य क्रमाने केले, तर ते ही जबाबदारी चोख पार पाडतात. आणि पॅड बदलल्यानंतर एकच गोष्ट लक्षात ठेवावयाची असेल, तर ती ही की, मूठ टणक झाल्याशिवाय चाक हलवू नये.